घाटाच्या तोंडचे गाव

‘दुर्गम’ हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. ज्या गावी जाताना आपणांस त्रास पडतो, त्या गावाला दुर्गम म्हणून आपण मोकळे होतो. जणू दुर्गमपणा हा त्या गावच्या मातीचाच गुण आहे, आणि ते गाव सृष्टीच्या आरंभापासून तसेच जगाच्या कडेला बसून आहे! आम्हीही याच समजुतीने जुन्नर तालुक्यातील घाटघरला गेलो होतो. परत आलो तेव्हा ती समजूत डोंगरावरच टाकून आलो होतो. ती कशी सुटली, हेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. विषय इतिहासाचा आहे; पण त्याचा आरंभ एका घराच्या पडवीत झाला, म्हणून पडवीपासूनच सुरुवात करतो.

घाटघर नावाची गावे सह्याद्रीत एकाहून अधिक आहेत. वीजप्रकल्पामुळे ज्याचे नाव ऐकू येते ते अकोले तालुक्यातले. आमचे घाटघर जुन्नरच्या पश्चिमेस, नाणेघाटाच्या माथ्यावर. जुन्नर सोडले की आपटाळे लागते, मग चावंडचा किल्ला डावी-उजवी बदलत बराच वेळ सोबत करतो. माणिकडोह धरणाचे पाणी मध्येच दिसते आणि मध्येच डोंगराआड जाते. पंचवीस-तीस किलोमीटरांचा हा प्रवास एस. टी.ने केला. गाडीत आमच्याखेरीज बाजार करून परतणारी माणसे होती, दोन शेळ्या होत्या आणि एक पत्र्याची नवी पेटी होती. गाडी थांबली तेथून समोर जीवधन किल्ल्याचा पावणेचार हजार फूट उंचीचा कातळ उभा होता. त्याच्या शेजारी वानरलिंगीचा सुळका, आणि त्यापलीकडे काहीच नाही. कारण त्यापलीकडे जमीनच संपते. सह्याद्री तेथे सरळ तुटून सुमारे दोन हजार फूट खाली कोकणात उतरतो. या तुटलेल्या कड्यात एक अरुंद खिंड आहे, तोच नाणेघाट.

आम्ही तिघे होतो. चैत्र संपत आला होता. एका महादेव कोळी कुटुंबाने आम्हांस उतरून घेतले. घर अर्धे जुने, अर्धे नवे होते: पुढची भिंत विटांची, मागची कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली. एका अंगाला गुरे, दुसऱ्या अंगाला चूल, मध्ये धान्याची कणगी. वर माळ्यावर पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडे. घरात एक म्हातारी आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. थोरला नातू आश्रमशाळेत शिकत होता आणि सुट्टीसाठी घरी आला होता.

पहाटे आम्हांला जाग आली ती हंड्यांच्या आवाजाने. आता आमच्यासारख्या पुस्तकी माणसांची अपेक्षा अशी की, जेथे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखे पाणी कोसळते, तेथे पाण्याला काय तोटा? प्रत्यक्षात चैत्र-वैशाखात याच माथ्यावर हंडाभर पाण्यासाठी झऱ्यापाशी बसून राहावे लागते. कातळ पाणी धरून ठेवीत नाही. पावसाळ्यात पडलेले पाणी पश्चिमेला कड्यावरून कोकणात जाते आणि पूर्वेला कुकडीत. या कुकडीचा उगम जवळच, पूर गावच्या कुकडेश्वराच्या परिसरात. तिच्यावर व तिच्या शेजारणींवर येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे अशी धरणे बांधून कुकडी प्रकल्प उभा राहिला. त्या पाण्यावर पूर्वेकडचे ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो पिकतात. उगमाशी मात्र सून पहाटे वाटी-वाटीने हंडा भरते. ही गोष्ट आम्ही तेव्हा नुसती वहीत टिपली. तिचा अर्थ पुढे लागला.

उजाडल्यावर मुलगा राब भाजावयास निघाला. श्रोत्यांपैकी ज्यांनी राब पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाताचे रोप ज्या तुकड्यात करावयाचे, त्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या आणि वाळले गवत यांचे थर पसरावयाचे, वर माती भुरभुरावयाची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन ते पेटवावयाचे. आग भडकता कामा नये. ती सावकाश जमिनीत मुरली पाहिजे. तणाचे बी त्यात जळते, जमीन भुसभुशीत होते, राख खताचे काम करते. पहिल्या पावसाच्या सुमारास त्यात भात पेरावयाचा आणि आषाढात रोपे उपटून चिखलात लावावयाची, म्हणजे आवणी करावयाची. भाताखेरीज उतारावर नाचणी, वरई आणि खुरासणी. दुपारी आम्हांला मिळाली ती नाचणीची भाकर आणि खुरासणीची चटणी. पावसाळ्यात तिच्या सोबतीला चाई, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या आणि ओढ्यातले खेकडे येतात.

दुपारी घरातली सारी माणसे हिरड्यावर होती. झाडावर चढून कोवळा हिरडा काढावयाचा, घरी आणून अंगणात वाळवावयाचा. तो सुकून काळा पडला म्हणजे बाळहिरडा झाला. रोख पैसा या घरात येतो तो मुख्यतः याच्यातून. औषधांत लागतो तो बाळहिरडा. मोठा हिरडा चामडे कमावण्याच्या कामी येई. आजींच्या आठवणीत व्यापारी तो पायलीने मापून घेत, आणि ती पायली कोणाची हे विचारण्याची सोय नव्हती. पुढे आदिवासी विकास महामंडळाची खरेदी आली, म्हणून व्यापाऱ्यालाही भाव थोडा सांभाळावा लागतो, असे मुलाने सांगितले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले, त्याने जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतील कितीतरी हिरड्याची झाडे झोडपून काढली. शेतातले पीक गेले तर पुढल्या वर्षी पुन्हा येते. हिरड्याचे झाड मोडले तर एका पिढीचे उत्पन्न मोडते. अंगणात वाळत घातलेल्या त्या काळ्या दाण्यांकडे पाहताना हे आमच्या ध्यानात आले.

संध्याकाळी आम्ही आपल्या मुख्य कामाकडे वळलो. आम्ही आलो होतो ते नाणेघाटाचे लेणे पाहावयास. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे; येणारा-जाणारा त्यात जकातीची नाणी टाकी, असे सांगतात, आणि घाटाचे नाव त्यावरूनच पडले म्हणतात. त्याच्या किंचित खाली, खिंडीच्या तोंडाशी, कोकणाकडे पाहणारे एक चौकोनी लेणे आहे. मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्या नाहीत, पावलांच्या खुणा व वर कोरलेली काही नावे तेवढी उरली आहेत: सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. १८२८ साली कर्नल साइक्स यांच्या नजरेस तो पडला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर, महामहोपाध्याय मिराशी अशा विद्वानांनी त्यावर श्रम केले. बहुतेक अभ्यासक तो ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला मानतात. त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची मोजदाद आहे: गाई, घोडे, हत्ती, गावे, रुप्याची भांडी, कार्षापण नाणी. एकापासून वीस हजारांपर्यंतचे आकडे तेथे चिन्हांनी कोरले आहेत. आपल्या देशातील अंकलेखनाच्या जुन्यात जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते.

हे सारे आम्ही मोठ्या उत्साहाने रात्री पडवीत बसून सांगत होतो. नातू लक्ष देऊन ऐकत होता. आजी हिरडा निवडीत होत्या. त्यांनी मध्येच विचारले, “गुरुजी, लई लोकं येत्यात, भिंतीचं फोटू काढत्यात. त्यात लिवलंय तरी काय?”

आम्ही सांगितले, “आजी, राणीने यज्ञ केले, हजारो गाई दान दिल्या, त्याचा हिशेब आहे.”

आजींनी हातातला हिरडा सुपात टाकला आणि म्हणाल्या, “गाई दिल्या व्हय. बरं केलं. पर त्या राखल्या कुनी, ते न्हाई लिवलं?”

श्रोतेहो, आम्हांला उत्तर देता आले नाही. मोठ्या विद्वानांनी त्या लेखाचे अक्षरन् अक्षर तपासले आहे. कोणता यज्ञ आधी, कोणता नंतर, राणी सधवा की विधवा, यांवर पाने खर्ची पडली आहेत. पण हजारो गाई म्हणजे हजारो गाईंना चारा, पाणी, गोठा, वाघापासून राखण आणि त्यामागे धावणारी पोरे, ही गोष्ट आम्हांला तरी त्या क्षणापर्यंत सुचली नव्हती. आजींना ती पहिल्याने सुचली, कारण त्यांचे बालपण गुरांमागे गेले होते. त्यांच्याकडे आश्विनात वाघबारस करतात. गुराख्यांची पोरे रानात वाघोबाला नैवेद्य दाखवितात, खीर करून खातात. गुरांना वाघाने धरू नये हे मागणे असते. ज्यांच्या घरी गाय हा आकडा नसून वाघाच्या तोंडातून राखलेला जीव आहे, त्यांना लेखातली उणीव चटकन दिसते.

त्या प्रश्नाचा धागा धरून आम्ही परतल्यावर पुन्हा पुस्तके उघडली. तेव्हा प्रथम लक्षात आले ते हे की, ज्याला आपण जगाच्या कडेचे गाव म्हणत होतो, ते एकेकाळी जगाच्या हमरस्त्यावर होते. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल देशावर चढावयाचा आणि पैठण, तेर येथला माल बंदरांकडे उतरावयाचा, तर मध्ये सह्याद्रीची भिंत आडवी. तिच्यातून जी थोडी दारे आहेत, त्यांत जुन्नरचे दार म्हणजे नाणेघाट. राजघराण्याने आपल्या मूर्ती आणि आपले दानपत्र कोठे कोरून घेतले? राजधानीत नव्हे, तर या दारावर. कारण ते वाचणारे लोक तेथून जात. घाटमाथ्यावरून जुन्नरकडे उतरावे तो दोनशेहून अधिक कोरीव लेण्यांचा समूह. त्यांतल्या लेखांत यवनांची दाने आहेत. कासारांच्या, बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. धान्यवाल्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके करून दिले. आता दान देण्याइतके धान्य ज्या श्रेणीच्या हातून जात होते, ते पिकविणारे हात कोणाचे? येथेही आजींचाच प्रश्न उभा राहतो.

आजचे घाटघरकर हे त्या काळच्या वस्तीचेच वंशज आहेत, असा दावा आम्ही करीत नाही. तसा पुरावा आमच्यापाशी नाही, आणि पुराव्यावाचून वंशावळी लावणे हा इतिहासाचा धंदा नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, घाट चालावयाचा तर माथ्यावर माणसे हवीत. ओझी उतरून घेणारी, जनावरांना पाणी दाखविणारी, वाट दाखविणारी, पावसाने खचलेली पायरी पुन्हा बसविणारी. राजे बदलले तरी हे काम बदलत नाही.

आणि राजे पुष्कळ बदलले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरून, सह्याद्री चढून जुन्नरला आला आणि तेथे त्याने पावसाळा काढला. रात्रंदिवस कोसळणारा पाऊस आणि सर्वत्र चिखल हे त्याने लिहून ठेवले आहे. आमच्या यजमानीणबाईंना ते वर्णन वाचून दाखविले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “खरं लिवलंय त्यानं.” त्यानंतर निजामशाहीचा उदय याच जुन्नर परिसरात झाला. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एका मुलाला पेमगिरीवर तख्तावर बसवून राज्य चालविण्याचा जो अचाट उद्योग केला, त्यातला तो मुलगा जीवधनवर कैदेत होता, असे सांगितले जाते. म्हणजे ज्या कड्याखाली आम्ही भाकर खाल्ली, त्या कड्यावर एक राज्य कोंडून ठेवलेले होते. पेशवाईत या डोंगरी मुलखाची आणि घाटवाटांची राखण महादेव कोळी नाईकांकडे असे. किल्ल्यांवर शिबंदी असे. घाटाचे तोंड हे त्या काळी उपजीविकेचे साधन होते.

मग हे गाव दुर्गम झाले केव्हा? याचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके जवळचे आहे. ते दोनशे वर्षांच्या आतबाहेरचे आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्याच वर्षी इंग्रजी फौजेने शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले घेतले आणि पुन्हा कोणी आश्रय घेऊ नये म्हणून त्यांच्या वाटा सुरुंगांनी उडवून दिल्या. जीवधनची चढण आजही त्यामुळे अवघड आहे. किल्ल्यावरच्या धान्यकोठारातला साठा त्या वेळी जळाला आणि त्याचीच राख तेथे आहे, असे गावकरी सांगतात. किल्ले मोडले म्हणजे नुसते दगड पडले नाहीत. शिबंदीची भाकर गेली, राखणीचे हक्क गेले. पुढल्या वीस-तीस वर्षांत या डोंगरांतून जे उठाव झाले त्यांचे एक मूळ येथे आहे, आणि दुसरे सावकाराच्या चोपडीत. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्यास फाशी देण्यात आले. सरकारी कागदांत ते बंडखोर. घाटघरच्या घरात त्यांचे चित्र देवांच्या शेजारी लावलेले आम्ही पाहिले.

तरीही या राजकीय घावाने गाव पुरते एकाकी पडले नसते. खरा घाव बसला तो चाकाचा. नाणेघाट ही पाठाळ जनावरांची वाट. बैलाच्या पाठीवर ओझे घालून लमाणांचे तांडे तिने चढत-उतरत. पण गाडी तिने कधी चढली नाही, चढूही शकत नव्हती. माल पाठीवरून जात होता तोवर सह्याद्रीतले लहानमोठे घाट थोडेफार एका तोलाचे होते. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून आगगाडी वर चढली. त्याबरोबर मुंबईचा सारा व्यापार दोन दारांतून जाऊ लागला आणि बाकीची दारे आपोआप मिटली. नाणेघाट कोणी बंद केला नाही. डोंगर तोच, उंची तीच, पाऊस तोच. बदलले ते वाहन. पण जे गाव वाटेवर होते ते वाटेबाहेर पडले.

तिसरा घाव रानाचा. १८७८ च्या वनकायद्याने रानावरची मालकी सरकारची झाली. ज्या फांद्या छाटून राब भाजावयाचा, त्या तोडणे हा आता गुन्हा ठरू शकत होता. ठाणे-कुलाबा भागात यावरून एवढी ओरड झाली की, मुंबई सरकारला १८८५ मध्ये वनविषयक आयोग नेमावा लागला, आणि राब हा त्या आयोगापुढचा एक मोठा वादविषय होता. भाताचे रोप कसे करावे यावर चौकशीचे ग्रंथ लिहिले गेले. रोप करणाऱ्याला मात्र शिपायाची परवानगी विचारावी लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यातले काही हक्क कागदोपत्री परत मान्य केले, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांनी.

आता दुर्गम या शब्दाकडे पुन्हा पाहा. किल्ला मोडला, घाट ओस पडला, रान गेले. या तिन्ही गोष्टी माणसांनी केल्या, ठराविक वर्षी केल्या, आणि काही तर घाटघरचे नावही न घेता केल्या. दुर्गमपणा हा डोंगराचा गुण नव्हे. तो इतिहासाचा परिणाम आहे. जे इतिहासाने घडते त्याची जबाबदारी कोणावर तरी असते. ‘निसर्गच तसा’ असे म्हटले की ती जबाबदारी टळते, म्हणून तर तो शब्द आपणांस इतका सोयीचा वाटतो.

आषाढात आम्ही दुसऱ्यांदा गेलो. या वेळी गाव ओळखू येईना. ढग घरात शिरत होता. चूल दिवसभर पेटती, तिच्यावर घोंगड्या वाळत घातलेल्या. खाचरांत गुडघाभर चिखल, आणि सारे घर वाकून आवणी करीत होते. जुनी इरली आता दिसत नाहीत. त्यांच्या जागी निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या खोळी आल्या आहेत. आम्हीही तासभर रोपे लावून पाहिली. तासाभराने आमची पाठ सरळ होईना आणि आमच्या ओळी पाहून सुनेने त्या निमूटपणे उपटून पुन्हा लावल्या! विद्वत्तेचा असा शांत पराभव आम्ही पूर्वी पाहिला नव्हता.

तो शनिवार होता. दुपारपासून घाटाकडे मोटारींची रांग लागली. नाणेघाटाच्या कड्यावर वारा इतक्या जोराने खालून येतो की, पावसाळ्यात कोसळणारे पाणी उलटे वर उडते. ते पाहावयास शहरातून हजारोंनी माणसे येतात. ज्या वाटेवर दीडशे वर्षे शुकशुकाट होता तेथे पुन्हा गर्दी झाली होती. आम्हांला वाटले, चला, घाट पुन्हा वाहता झाला. आम्ही तसे मुलाजवळ बोललोही. तो चिखलातले हात न थांबविता म्हणाला, “दादा, वर उडतं ते पानी बघाया येत्यात. धरनात जातं त्याचं कुनी इचारीत न्हाई.”

या एका वाक्यात आमच्या चैत्रातल्या टिपणाचा अर्थ लागला. भात कापून झाले की या गावातली तरणी माणसे पूर्वेला मजुरीस जातात. नारायणगावला मजुरांचा बाजार भरतो. पश्चिमेकडच्या डोंगरांतून आलेली माणसे तेथे उभी राहतात, बागाईतदार येतो, रोज ठरतो, आणि माणसे त्याच्याबरोबर जातात. ज्या पाण्यावर ती बागाईत उभी आहे, ते पाणी यांच्याच डोंगरावरून उतरलेले. म्हणजे आधी पाणी खाली जाते आणि मग पाण्यामागून माणूस जातो. पूर्वी घाटावरून माल जाई आणि येई. त्यात माथ्याला काही तरी उरे. आताच्या व्यवहारात माथ्याला उरते ती बाजारात विकलेल्या श्रमाची मजुरी. नागनिकेच्या लेखात ज्याची नोंद नाही तो माणूस आजच्या धरणाच्या नोंदीतही आढळत नाही.

आम्ही डोंगरी जीवनाचे गोडवे गात नाही. आजींनीच आम्हांला बजावले की, जुने दिवस चांगले होते असे लिहू नका. त्यांचे सासरे मिठासाठी घाट उतरून वैशाखऱ्याकडे जात आणि ओझे घेऊन एका दिवसात वर येत. त्यात त्यांचे गुडघे गेले. बाळंतिणीला डोलीत घालून नेताना काय होई तेही त्यांनी सांगितले. ते येथे सांगण्यासारखे नाही. रस्ता झाला, एस. टी. आली, शाळा आली, विजेचा दिवा आला, याचे त्यांना मोल आहे. नातवाने शिकून साहेब व्हावे असे त्यांना वाटते. आमचा प्रश्न निराळा आहे. तो नातू साहेब होईल तेव्हा आपल्या गावाचा कोणता इतिहास बरोबर नेईल? पाठ्यपुस्तकात नाणेघाट एका ओळीचा आहे, आणि त्या ओळीत राणी आहे, व्यापारी आहेत, जकात आहे. त्याची आजी त्यात नाही.

यावर काय करावे? इतिहासकारांनी शिलालेख टाकून द्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. शिलालेख नसते तर आजींना प्रश्नही सुचला नसता. परंतु लेखाच्या शेजारी आणखी काही साधने पडून आहेत आणि ती झपाट्याने नाहीशी होत आहेत. प्रत्येक खाचराला नाव आहे, प्रत्येक झऱ्याला आहे, घाटातल्या प्रत्येक वळणाला आहे. मापे होती, ओझी बांधण्याच्या रीती होत्या, कोणत्या गावाशी सोयरीक कोणत्या वाटेने जुळली याच्या आठवणी आहेत. कोकणातल्या म्हशाच्या जत्रेला जनावरे कोणत्या घाटाने उतरत, कोठे पाणी पीत, हे सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांच्यामागे हे ज्ञान उरणार नाही, कारण ते दगडात कोरलेले नाही. आम्ही दुसऱ्या खेपेस नातवाला एक वही दिली आणि आजीकडून गावच्या शिवारातली नावे लिहून घ्यावयास सांगितले. प्रथम त्याला ते खुळचट वाटले. ‘यात काय लिहायचं?’ असे त्याने विचारले. आजींना मात्र नाव घेता घेता थांबवेना. नावाबरोबर माणसे निघाली, माणसांबरोबर भांडणे निघाली, दुष्काळ निघाले, कोणाच्या गाईला वाघाने कोठे धरले ते निघाले. रात्री चुलीपुढे बसून पोराने पानामागून पाने भरली.

निघताना आजी पडवीपर्यंत आल्या. त्यांनी पुन्हा विचारले, “मंग गुरुजी, सापडलं का? गाई कुनी राखल्या त्ये?”

आम्ही म्हटले, “नाही आजी. पुस्तकात नाही सापडले.”

“न्हाईच सापडायचं,” त्या म्हणाल्या, आणि नातवाच्या हातातल्या वहीकडे बोट करून म्हणाल्या, “ह्यात लिवा म्हनावं आता.”

ती वही अजून भरते आहे. डोंगरातल्या अशा प्रत्येक गावासाठी एक वही आणि ती भरून घेणारा एक विद्यार्थी हवा आहे. या सभागृहात आज तरुण मंडळी पुष्कळ दिसत आहेत. उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आहे, आणि जुन्नरहून घाटघरला एस. टी. जाते.